अकराव्या प्रश्नाचे उत्तर

अजलून
१९ ऑक्टोबर १९९६

रुवैदास, सलाम.

तू बरी असशील असे धरून चालतो. मावशीचा गुडघाही आता बरा असावा.

हे पत्र घरून लिहीत नाही. उस्तादांच्या दुकानात, नुकत्याच रंगवलेल्या ओल्या पाट्यांच्या शेजारी बसून लिहितो आहे, कारण घरात तुझे नाव निघाले की बाबा ताटावरून उठतात. अबू रस्मी मिनीबस घेऊन रोज इर्बिदला जातो, त्याच्या हाती देईन. "आत काय आहे रे?" असे त्याने विचारले तर "रंगाचे बिल" म्हणून सांगणार आहे. खोटे आहे, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुलाही माहीत आहे.

खितामला घेऊन गेले.

हे वाक्य आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिले. दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने लिहिता येईना.

मंगळवारी दुपारी तुझा नवरा मुतलक, तुझी सासू आणि त्यांच्या घराण्यातले वडीलधारे हाजी धियाब आले. खिताम अंगणात भट्टीपाशी होती. दोन भाकऱ्या आत टाकलेल्या, बाकी पीठ परातीत. तिची आई दारातूनच म्हणाली, "ऊठ. चादर घे."

"भाकरी तरी होऊ दे, आई."

"तुझ्या नणंदेनं माझ्या मुलाची चूल पेटती ठेवली का? मग तू कशाला भाजत बसतेस यांच्या भाकऱ्या?"

आपली आई मध्ये पडली. "माझ्या सुनेचा यात काय दोष?"

हाजी धियाब अगदी गोड आवाजात म्हणाले, "दोष कोण देतंय, उम्म आयद? गुणाची पोर आहे. पण साटंलोटं केलं तेव्हा दोन्ही घरं मिळून केलं ना? आमची आली, तुमची गेली. आता तुमची परत आली, आमची परत नेतो."

मुतलक माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माझा तुझ्याशी काही वाद नाही, आयद."

मी म्हणालो, "माझाही नाही."

झाले. दोन पुरुषांचा काही वाद नव्हता, आणि ती चादर डोक्यावर घेऊन जीपमध्ये बसली. आतल्या दोन्ही भाकऱ्या जळाल्या. काढायचे सुचले नाही.

रुवैदा, तू परत आलीस तर ती परत येईल. नाहीतर नाही. हे मी तुला समजावून सांगावे असे नाही. तू विद्यापीठात हेच शिकतेस. तू पहिल्या वर्षाला असताना आईला सांगत होतीस, सामाजिक संस्था म्हणजे कोणीच न बांधलेले घर, ज्यात सगळे राहतात. आई म्हणाली होती, "मग गळायला लागलं तर कोणाला बोलवायचं?" आपण किती हसलो होतो. आता ते गळते आहे आणि पाणी नेमके माझ्या अंथरुणावर पडते आहे.

मुतलकने लग्नाच्या वेळी चार माणसांत शब्द दिला होता की तुझे शिक्षण थांबवणार नाही. त्याने तो मोडला असेल तर सांग, मी जाऊन भांडतो. त्याने मारले का? शिव्या दिल्या का? तू कोणालाच काही सांगितले नाहीस. पुस्तकांची पिशवी घेऊन बसमध्ये बसलीस आणि मावशीकडे गेलीस. बाबा म्हणतात, "कारण असतं तर तिनं सांगितलं असतं."

कारण सांग, किंवा परत ये.

तुझा भाऊ,
आयद

अजलून
१६ नोव्हेंबर १९९६

रुवैदास,

मी तुझ्याकडे माझी बायको मागितली आणि तू मला प्रश्नावली पाठवलीस.

अबू रस्मीने पाकीट दिले तेव्हा जाड लागले. मला वाटले, मोठे पत्र आहे. दुकानाच्या मागे जाऊन उघडले. "साटेलोटे विवाह : उत्तर जॉर्डनमधील काही कुटुंबांचा अभ्यास. पदवीच्या अंतिम वर्षासाठी." खाली सूचना : "उत्तरदात्याने सर्व प्रश्नांची उत्तरे द्यावीत. नाव गुप्त ठेवले जाईल." आणि कोपऱ्यात तुझ्या हाताने, "आयद, मला तुझ्याशी दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलता येत नाहीये. ही तरी वाच."

मी ती चुरगाळली. मग टेबलावर ठेवून पट्टीने सरळ केली.

आधी चुका. पहिल्या पानावर तीन, तिसऱ्यावर एक. पेन्सिलीने दाखवल्या आहेत. नववीत शाळा सोडलेल्या माणसाकडून तपासून घेतलेस हे प्राध्यापकांना सांगू नकोस. तू लिहितेस की नात्यातल्या माणसांना प्रश्न विचारू नयेत, अभ्यासकाने तटस्थ राहावे, असे त्यांनी बजावले आहे. मग मला का पाठवलीस? तटस्थ राहायला मीच सापडलो का?

तरी उत्तरे देतो. कोरा कागद माझ्याच्याने परत पाठववत नाही.

विवाह कोणी ठरवला? बाबांनी आणि हाजी धियाबांनी, जनावरांच्या बाजारात. उत्तरदात्याला केव्हा कळले? आईने माझा कोट शिंप्याकडे पाठवला तेव्हा. दोन्ही वधूंची पाठवणी कशी झाली? हे तुला ठाऊक आहे, पण तू विचारले आहेस म्हणून मला दिसले तसे लिहितो.

दोन्ही वराती शिवेवरच्या खरनूबाच्या झाडाखाली समोरासमोर थांबल्या. कोणाची मुलगी आधी उतरणार यावरून वाद झाला. आपल्याकडचे म्हणत, तुमची आधी; ते म्हणत, तुमची. "आम्ही काय मुलगी टाकायला आलोय?" असे कोणीतरी ओरडले. ऊन चढले, ढोलवाले सावलीत जाऊन बसले. शेवटी हाजी धियाबांनी शिट्टी मारायची आणि दोघींनी एकदम पाय खाली टाकायचा असे ठरले. तुम्ही दोघी उतरलात आणि एकमेकींच्या बाजूने चालत गेलात, तू तिकडे, ती इकडे. जाता जाता तू तिला काहीतरी बोललीस आणि ती तुला. बायकांना वाटले, दुवा दिली.

खितामने मला नंतर सांगितले. तू म्हणालीस, "माझ्या भावाच्या पेन्सिलींना हात लावू नकोस." आणि ती म्हणाली, "माझ्या भावाला पाहुणे फार आवडतात."

आम्ही त्यावर पुष्कळ हसत असू.

विवाहानंतर पती-पत्नींत जवळीक निर्माण झाली काय? हा असा प्रश्न कोणी विचारतो का, रुवैदा? झाली. पहिले काही आठवडे मी काही बोललो नाही. काय बोलावे ते ठरवत होतो. मग एकदा ती म्हणाली, "तू लोकांच्या दुकानांवर नावं लिहितोस, माझ्या पिठाच्या डब्यावर लिही ना." मी लिहिले, दुकानाच्या पाटीसारखे, सावली देऊन. ती चौथीपर्यंतच शिकलेली. बोट ठेवून वाचले. मग मिठावर, साखरेवर, सुमाकवर, मसुरावर. स्वयंपाकघरातली एकही बरणी सुटली नाही. आणि सगळ्या लिहून झाल्यावर तिने मिठाच्या बरणीत साखर भरली आणि साखरेच्या बरणीत मीठ. मी चहाचा पहिला घोट घेतला आणि ती दाराआडून म्हणाली, "काय झालं? बरोबर तर लिहिलंय!" मी पाट्या लिहिणारा माणूस. मला राग आला. मग असे हसू आले की आई पाहायला आली.

बरण्या अजून तशाच आहेत. आईला बजावले आहे, बदलू नकोस.

अकरावा प्रश्न, "तुमच्या विवाहासंबंधी कोणताही एखादा निर्णय तुम्ही स्वतः घेतला आहे काय? असल्यास कोणता?" हा सोडून दिला आहे. लिहिण्यासारखे काही नाही. बाकीचे पुढे केव्हातरी.

मी कारण विचारले होते. ते तू लिहिलेले नाहीस.

आयद

अजलून
७ डिसेंबर १९९६

रुवैदा,

कारण कळले. तुझ्याकडून नाही.

या वर्षी जैतून चांगला आला आहे. बाबांची पाठ दुखते म्हणून पोती घेऊन मी घाण्यावर गेलो. दोन्ही गावांना घाणा एकच, त्यामुळे मला आशा होती, ती खरी ठरली. खिताम तिच्या धाकट्या बहिणींबरोबर आली होती. (पाच मुली झाल्यावर हिचे नाव खिताम, म्हणजे "शेवट" ठेवले आणि तरीही पुढे दोन झाल्या. अजूनही बाप तिच्याकडे पाहून म्हणतो, "हिला काही काम धड जमत नाही.") बहिणींना तिने तेल चाखायला भाकरी देऊन पलीकडे बसवले आणि माझ्या पोत्यांच्या आड येऊन उभी राहिली. घाण्याच्या आवाजात बोलले तर कोणाला ऐकू जात नाही.

"वाळलास," ती म्हणाली.

"तूही."

"मी नाही. आई मला चारतेय. आता कोणाला दाखवायची वेळ आली तर अंगावर मांस दिसायला हवं ना." मग माझा चेहरा पाहून, "अरे, गंमत केली."

मी विचारले, "रुवैदाला तुझ्या भावानं काय केलं?"

"मारलं नाही."

"मग?"

तिने पोत्यातला एक जैतून काढला आणि बोटांनी चेपत राहिली. मग सांगितले.

रुवैदा, तू आपले परीक्षेचे वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीला लावले होतेस. मुतलकने ते काढले नाही. उलट खिळा ढिला झाला तर पुन्हा ठोकला. तुझ्या पहिल्या पेपरच्या दिवशी त्याने त्याच्या चुलतभावांना जेवायला बोलावले. दुसऱ्या पेपरला लष्करातले मित्र. घरात पाहुणे बसलेले असताना त्या घरची सून उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही, हे कोणी तुला सांगावे लागले नाही. तू दही ढवळत राहिलीस आणि बस निघून गेली. त्याने आवाज चढवला नाही, अडवले नाही, शब्दही मोडला नाही. कोणी विचारले तर म्हणायला मोकळा, "मी कुठं नाही म्हटलं? पाहुणे आले, त्याला मी काय करू?" खिताम भेटायला गेली तेव्हा त्याने हसत हसत तिला वेळापत्रक दाखवले होते. "हे बघ, आमचं पंचांग."

"तिनं कोणाला सांगितलं का नाही?" मी विचारले.

"काय सांगणार? माझा नवरा पाहुण्यांना जेवू घालतो? तुझे बाबाच म्हणाले असते, देवानं असा जावई सगळ्यांना द्यावा."

खरे आहे. म्हणाले असते.

मी म्हणालो, "तुला परत यायचंय का?"

"हे काय विचारणं झालं?"

"मग मी रुवैदाला काय लिहू?"

तिने चेपलेला जैतून माझ्या तळहातावर ठेवला. "आयद, मला रोज सकाळी उठून तुझ्या घरी यायचं असतं. पण तिला आण, असं मी म्हणणार नाही. आणू नको असंही म्हणणार नाही. माझ्या तोंडून यातलं काही काढून घेऊ नकोस. मी जन्मभर कोणा एकीच्या नावानं रडेन, ते कोणाच्या ते मला ठरवायला लावू नकोस." तेवढ्यात बहिणी आल्या. ती मोठ्याने म्हणाली, "तुमचं तेल कडू निघणार यंदा. पाला किती आहे पोत्यात!" आणि गेली.

पहिल्या पत्रात मी तुला "परत ये" असे लिहिले होते. ते वाक्य आहे तिथे राहू दे, पण ते मला ठाऊक नसताना लिहिलेले आहे, एवढी नोंद घे.

खिताम मला हवी आहे. हेही खरे आहे, आणि दोन्ही एका ओळीत मावत नाहीत.

आयद

अजलून
२९ डिसेंबर १९९६

रुवैदास,

अबू रस्मीकडून तुझ्या कानावर गेलेच असेल. तो हे गाणे रचल्यासारखे सांगत फिरतो आहे. तरी माझ्याकडून ऐक.

खितामला आणण्यासाठी बाबांनी मध्यस्थांची जाहा नेली. आपल्या गावची म्हातारी माणसे, सगळ्यांच्या पुढे अबू सुलतान, काठी घेऊन, काळा अबा पांघरून. शुक्रवारी नमाज झाल्यावर निघालो. रस्त्यात मिनीबसमध्ये अबू सुलतान भाषणाची तयारी करत होते, म्हणून दाखवत होते, आणि सगळे "वाहवा" म्हणत होते. मी मागच्या बाकावर होतो.

हाजी धियाबांच्या बैठकीत गाद्या घातल्या होत्या. पडद्यापलीकडे बायका होत्या. खितामला सर्दी झाली होती, तिचे खोकणे मला ओळखू आले. कडू कॉफी आली. पहिला पेला अबू सुलतानांना. त्यांनी तो घेऊन समोर जमिनीवर ठेवला. दुसरा बाबांना, त्यांनीही ठेवला. तिसरा मला, कारण मागणी माझ्यासाठी होती. मी ठेवला. मागणी सांगून झाली, यजमानाने "दिली, प्या" म्हटले, की प्यायचे. त्याआधी पेल्याला हात लावायचा नाही. हे मला बाबांनी मी पाच वर्षांचा असताना शिकवले आहे.

अबू सुलतानांनी सुरुवात केली. देवाची स्तुती, मग पैगंबरांवर सलाम, मग दोन्ही गावांच्या आजोबा-पणजोबांची मैत्री. त्यांना वेळ लागतो. अजून मागणीपर्यंत आले नव्हते.

मी पेला उचलला आणि प्यायलो.

घशाला कोरड पडली होती. मन जागेवर नव्हते. चूक झाली.

आधी कोणाला खरे वाटेना. अबू सुलतान "आपले पूर्वज" म्हणून तोंड उघडे ठेवून थांबले. मग हाजी धियाबांनी गुडघ्यावर थाप मारली आणि खाणाऱ्या-पिणाऱ्याला म्हणतात तसे म्हणाले, "सहतैन, आयद! सहतैन! अरे, पोराला तहान लागली होती. कोणी आधीच पाणी पाजायचं नाही का?" सगळी बैठक हसली. त्यांच्यातला एक म्हणाला, "म्हणजे हे कॉफी प्यायलाच आले होते होय? एवढ्या लांबून?"

मुतलकचा बाप उठून उभा राहिला. "ज्याची मागणी, त्यानं पेला रिकामा केला. आता मागायचं काही राहिलं नाही. जेवून जा."

अबू सुलतानांनी काठी घेतली. बाहेर आल्यावर बाबांना म्हणाले, "अबू आयद, माझ्या दाढीला असं पाणी कोणी लावलं नव्हतं. पुन्हा मला बोलवू नकोस." परत येताना बसमध्ये बाबा पुढे बसले.

पडद्यापलीकडे खोकणे थांबले होते.

म्हणून कळवतो की आता तुला परत बोलावण्यासाठी कोणी येणार नाही. बोलणी मोडली आहेत. तू आपला अभ्यास कर. शनिवारपासून तुझे पेपर आहेत हे मला माहीत आहे. रमजान सुरू होण्याआधी संपतील, ते बरे.

आयद

अजलून
२४ फेब्रुवारी १९९७

रुवैदा,

ईद झाल्यावर दोन्ही कामे एका दिवशी, एका काझीसमोर झाली. आधी मुतलकने तुला तलाक दिला. तुझ्या बाजूने बाबा होते. मग मी खितामला दिला. द्यावा लागतो. त्यांनी एक सोडली की आपण एक सोडायची. काझीसाहेबांनी मला विचारले, "तू स्वखुशीने देतोस ना?" आणि बाबांनी माझ्या वतीने "हो" म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "मुलाला बोलू द्या." मी "हो" म्हटले. तू प्रश्नावलीत लिहिले आहेस तसेच : एक मोडले की दुसरे जोडपेही.

तुझी प्रत सोबत आहे. तू मोकळी झालीस.

जिन्यावर खिताम भेटली. काहीतरी म्हणाली. ते लिहिण्यासारखे नाही.

तू दोन पत्रांत एकच प्रश्न विचारला आहेस. "जो माणूस एका पाटीची अक्षरे तीन वेळा तपासतो तो जाहाच्या बैठकीत पेला विसरेल, हे मला खरे वाटत नाही. काय झाले ते सांग." असे लिहितेस. माणसाच्या हातून चुका होतात, रुवैदा. मागच्या महिन्यात मी खाटकाच्या पाटीवर "ताजे" शब्द दोनदा लिहिला. उस्तादांनी मला घरी पाठवले.

प्रश्नावलीतल्या राहिलेल्या उत्तरांचे कागद जोडले आहेत. अकरावा प्रश्न कोराच आहे. प्रबंध वेळेवर दे.

घरी परत आलो तर आईने बरण्या सारख्या करून ठेवल्या होत्या. मिठात मीठ, साखरेत साखर. तिला वाटले, मला बरे वाटेल. मी चहा प्यायलो. गोड होता.

आयद

अजलून
१९ जून १९९७

रुवैदास, सलाम.

निकाल वर्तमानपत्रात पाहिला. सर्व विषयांच्या याद्या होत्या. समाजशास्त्राची खाली कोपऱ्यात, बारीक टाइपात. तुझे नाव बरोबर छापले आहे. ते कात्रण आईने उशीखाली ठेवले आहे. काल अबू रस्मी घरी आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "इर्बिदला जातोस तर ही तेलाची बरणी ने." कोणासाठी ते म्हणाले नाहीत. या पत्राबरोबर ती तुला मिळेल.

तुझा प्रबंधही मिळाला. सगळा वाचला. शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. मी त्यात "उत्तरदाता क्रमांक सात" आहे. तू लिहितेस, "उत्तरदाता सात याने अकराव्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, अशा मौनातूनच या संस्थेतील व्यक्तीचे स्थान स्पष्ट होते." प्राध्यापकांनी समासात "उत्तम" असा शेरा दिला आहे. मीही दिला असता.

पण ते बरोबर नाही. आता प्रबंध जमा झाला, निकाल लागला, पदवी तुझी झाली. ती आता कोणी काढून घेऊ शकत नाही, तूसुद्धा ती सोडून मागे येऊ शकत नाहीस. म्हणून लिहितो.

मिनीबसमध्ये अबू सुलतान जे भाषण म्हणून दाखवत होते, त्याचा शेवट तुला कळवला नव्हता. तो असा होता. "आम्ही तुमच्याकडे खिताम मागतो, आणि आमच्याकडून रुवैदा देतो. येत्या गुरुवारी दोन्ही गावांच्या गाड्या तिच्या मावशीच्या दारात उभ्या राहतील आणि सूर्य मावळायच्या आत ती तिच्या नवऱ्याच्या चुलीपाशी असेल." सगळे आधीच ठरलेले होते. बाबांनी होकार दिला होता, हाजी धियाबांनी दिला होता. बैठकीत फक्त बोलायचे आणि प्यायचे राहिले होते. एकदा ते चार माणसांत बोलले गेले, "दिली, प्या" म्हटले गेले, आणि पेले रिकामे झाले, की तो शब्द दोन गावांचा झाला असता. मग तू नाही म्हणून, मावशीने दार लावून, काही उपयोग झाला नसता. गुरुवारी गाड्या आल्या असत्या. शनिवारी तुझा पहिला पेपर होता. मला वाटते, मुतलकने पाहुणे सांगूनही ठेवले असतील.

मी "नको" म्हटले असते तर बाबांनी मला बाहेर बसवले असते आणि काम पुरे केले असते. मुलाच्या "नको"ने जाहा मोडत नाही. ती मूर्खपणाने मोडते.

अबू सुलतान आजोबा-पणजोबांपर्यंत आले. नंतर मागणी येणार होती. मधे फार थोडी जागा होती. पडद्यामागे ती खोकली. मला वाटले, आता मी हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिलो, काहीच केले नाही, तर संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसमध्ये असेल. मला काहीही करायचे नव्हते, रुवैदा. नुसते बसायचे होते. तेच मला जमते.

कॉफी गरम होती. जीभ भाजली.

आता जिन्यावरचे. त्या दिवशी खिताम बापाच्या मागे उतरत होती. माझ्यापाशी थांबली. तिने विचारले, "आयद, तुला खरंच तहान लागली होती का?"

ती माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत असावे असे मला अजूनही कधीकधी वाटते. आणि नसावे असे उरलेला सगळा वेळ वाटते. खरे सांगितले असते तर मी तिला सांगितले असते की मी दोघींपैकी एक निवडली, आणि ती खिताम नव्हे. घाण्यावर तिने माझ्याकडे तेवढे एकच मागितले होते, की कोणाच्या नावाने रडायचे ते तिला ठरवायला लावू नये. म्हणून मी म्हणालो, "हो. लागली होती."

ती म्हणाली, "सहतैन." आणि उतरून गेली. माझी चेष्टा करताना तिचा आवाज वर जायचा. या वेळी गेला नाही. कोणालाही पाणी प्यायल्यावर म्हणतात तसे म्हणाली.

ऑगस्टमध्ये तिचे लग्न आहे. मफरकचा विधुर आहे, दोन मुली आहेत, लोक म्हणतात शांत माणूस आहे. या वेळी साटेलोटे नाही. हाजी धियाब म्हणाले, "आता सरळ व्यवहार."

तुझ्या पदवीदानाला आई येईल, मावशीकडे राहील. मी येणार नाही. त्या आठवड्यात मुलींच्या शाळेची मोठी पाटी द्यायची आहे, हे खरे कारण आहे, आणि ते पूर्ण कारण नाही. तुला त्या काळ्या झग्यात पाहिले तर मला आनंद होईल, आणि त्या आनंदाची मला भीती वाटते. तू यात काही केलेले नाहीस. मला रागही नाही. पण अजून काही दिवस तुझ्याकडे पाहिले की मला ती दिसेल. तेवढे दिवस मला दे.

प्रश्न अकरावा : तुमच्या विवाहासंबंधी कोणताही एखादा निर्णय तुम्ही स्वतः घेतला आहे काय? असल्यास कोणता?

उत्तर : होय. एक. तो मोडण्याचा.

हे प्रबंधात घालू नकोस, सुधारित आवृत्ती काढलीस तरीही. खितामलाही सांगू नकोस. तिला नवीन घर लावायचे आहे.

वरची खाडाखोड तशीच राहू दे. मी पत्रात कधी काही खोडत नाही, पण त्या जागी तीन वाक्ये लिहिली आणि तिन्ही खोडली. पुन्हा कोऱ्या कागदावर उतरवून काढायला हवे होते. आज उतरवत नाही.

सांग तिला. लगेच नाही. तिच्या मुली मोठ्या होतील, कुठेतरी लग्नात, मयतीला, दवाखान्यात तुम्ही दोघी शेजारी बसाल. त्या दिवशी खरनूबाखाली बोललात तसे हळू बोल, कोणाला ऐकू जाऊ देऊ नकोस. बाकी काही सांगू नकोस, एवढेच सांग की आयदला तहान लागली नव्हती.

तुझा भाऊ,
आयद